पानगळीचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा मी वेतन, कंत्राटी पद्धत किंवा कामगार कायदे अशा एखाद्या विषयावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांना पानगळ हा विषय कळवला. त्यांनी तो मुकाट्याने छापला, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. परंतु संघटनेचा माणूस रजेवर निघाला असे कोणी समजू नये. सफाई कामगार आणि बागकामगार ह्यांच्यात मी वावरतो. तुम्हां-आम्हांला पानगळ दिसते, ह्या मंडळींना ती उचलावी लागते. माघ उजाडला की त्यांच्या खराट्याला उसंत नसते. सकाळी झाडून काढलेली जागा दुपारी पुन्हा पानांनी भरते आणि मुकादम विचारतो, "झाडले होते ना?" हे पान येते कोठून, गळते का आणि गळल्यावर त्याचे काय व्हावे, ही चौकशी मी प्रथम माळ्यांकडे केली आणि मग सार्वजनिक ग्रंथालयातल्या पुस्तकांकडे गेलो. कॉलेजात शिकलेला मी नव्हे. तेव्हा जे सांगेन ते साध्या भाषेत सांगेन.

प्रथम एक घोटाळा दूर करू. इंग्रजी पुस्तकांत 'ऑटम' म्हणजे पानगळीचा ऋतू, आणि आपण त्याचे भाषांतर सर्रास 'शरद' असे करतो. पण आपल्याकडे शरदात, आश्विन-कार्तिकात, झाडे पावसाचे पाणी पिऊन तृप्त असतात, वर्षातली सर्वांत हिरवी असतात. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. थंड देशांतल्या झाडांना दिवस लहान झाल्याची आणि गारठ्याची वर्दी मिळते आणि सगळे रान एकदम पेटल्यासारखे लाल-पिवळे होते. आपल्या झाडांना भय थंडीचे नाही, तहानेचे आहे. पाऊस चार महिने आणि कोरड आठ महिने. प्रत्येक झाड आपापल्या ओलीप्रमाणे आणि आपापल्या जातीच्या रिवाजाप्रमाणे पाने टाकते. म्हणून आपल्याकडे रंगांचा एकच मोठा सोहळा होत नाही. तो झाडाझाडाने आणि आठवड्याआठवड्याने होत राहतो. ज्याला सवड आहे त्याला तो दिसतो.

हा सोहळा एका ठिकाणी पाहावयाचा तर मी मुंबईच्या राणीच्या बागेत जा असे सांगेन. भायखळ्याची ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या पत्नीच्या हस्ते लोकांना खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोक तिला प्राण्यांची बाग म्हणून ओळखतात, पण ती जन्माने वनस्पतींची बाग आहे. प्राणी तेथे पुढे १८९० साली आले. पन्नासाहून अधिक एकरांत सुमारे तीन हजार झाडे आहेत आणि त्यांच्या जाती दोनशेंहून अधिक आहेत. त्यांत आपल्या सह्याद्रीतली झाडे आहेत, तशी ब्रह्मदेशातली, आफ्रिकेतली आणि दक्षिण अमेरिकेतलीही आहेत. लालबाग-परळच्या चाळींतून रविवारी पोरांना घेऊन गिरणी कामगार ह्याच बागेत येत असे. हत्ती पाहायला येई आणि सावलीत बसून जाई. ज्याच्या सावलीत तो बसला त्या झाडाचे नाव त्याला बहुधा कोणी सांगितले नाही.

माघात तेथे गेलात तर पहिल्याने नजरेत भरेल तो देशी बदाम. त्याच्या फांद्या मजल्यामजल्याने पसरतात, आणि थोराड पाने एकेक करून तांबडी, किरमिजी, नारिंगी होतात. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे आणि लाल पान शेजारीशेजारी दिसते. मुंबईत विलायती धर्तीचा रंग दाखवणारे ठळक झाड हेच. आणि हा काही परका पाहुणा नव्हे. ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा ही आपल्या रानातली नामांकित मंडळी ह्याची सख्खी भावंडे आहेत. तेथून पुढे पिंपळ पिवळा पडून खडखडाट करीत असतो. सावर केव्हाच निष्पर्ण होऊन लाल फुलांनी लगडलेली असते. आफ्रिकेची गोरखचिंच आपल्या रांजणासारख्या खोडात पाणी साठवून उघडीवाघडी उभी असते आणि तिची मखमली सालीची फळे लांब देठांवर, दोरीला टांगल्यासारखी, लोंबत असतात.

आता ह्या पानात आत काय घडते ते पाहू. माझ्या व्याख्यानाचा गाभा तेथे आहे.

हिरवे पान म्हणजे कारखाना. त्यातले हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते आणि त्या बळावर हवा व पाणी ह्यांपासून साखर तयार होते. ह्या कारखान्याची यंत्रसामग्री ज्या द्रव्यांची बनलेली असते त्यांत नत्र फार लागते, स्फुरदही लागते. झाडाने ती मुळांवाटे कणाकणाने मिळवलेली असतात. पाणी आटू लागले की पान परवडत नाही, कारण पानातून सारखी वाफ उडत असते. मग झाड पान टाकावयाचे ठरवते. परंतु ते तसेच्या तसे टाकीत नाही. टाकण्यापूर्वी ते आतली यंत्रसामग्री शिस्तीने उतरवते. पानातल्या नत्राचा आणि स्फुरदाचा साधारण निम्मा, कित्येकदा त्याहून मोठा, हिस्सा देठावाटे फांदीत आणि खोडात परत जातो. तो पुढल्या पालवीचे भांडवल होतो. चुन्यासारखी काही द्रव्ये एकदा पानात बसली की हलत नाहीत. ती पानाबरोबर खाली जातात.

ह्या उतरवणीत सर्वांत जोखमीचा भाग हरितद्रव्याचा. ते यंत्रापासून सुटे झाले आणि त्यावर ऊन पडले, तर पेशींना अपाय करते. म्हणून झाड ते आधी मोडून निरुपद्रवी करते. मोडलेल्या हरितद्रव्याचे पुढे होते काय, हे कित्येक वर्षे कोणाला उमगत नव्हते, कारण त्याचा मागमूसच लागत नसे. फिलिप माटिल हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ आणि बर्नहार्ड क्रॉइटलर हे ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९१ साली हे कोडे उलगडले. त्याचे रंगहीन पदार्थ बनतात, म्हणून डोळ्यांना सापडत नव्हते. हिरवा पडदा असा दूर झाला की मागे जे पिवळे रंगद्रव्य आधीपासून होते ते दिसू लागते. म्हणजे पिंपळाचे पान पिवळे 'पडते' असे आपण म्हणतो, पण तो पिवळा रंग चैत्रापासून त्याच्यातच होता.

तांबड्याची गोष्ट वेगळी आहे. देशी बदामाच्या पानात पडदा दूर झाल्यावर सगळेच जुने रंग दिसतात असे नाही. लाल रंग देणारे अँथोसायनिन नावाचे द्रव्य पान अखेरच्या दिवसांत नव्याने तयार करते. जे पान आता जायचे आहे त्याने नवा खर्च का करावा? ह्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन ह्यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात मांडले की, भडक रंग हा किडींना दिलेला इशारा असावा. दुसरा पक्ष म्हणतो की, लाल रंग ही सावली आहे. यंत्रे उतरवली जात असताना ऊन बाधू नये म्हणून पान स्वतःवर धरलेली छत्री आहे. ह्या पक्षाच्या बाजूने २००३ साली अमेरिकेतून एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या झाडांना हा तांबडा रंग तयार करता येत नव्हता, त्यांना कडक उन्हात पानांतले नत्र तितकेसे परत घेता आले नाही. वाद मिटलेला नाही, तरी मला हा दुसरा पक्ष अधिक पटतो. ज्याला आपण शोभा म्हणतो ती हिशेब पुरा होईपर्यंत उभी केलेली मांडवाची कनात आहे.

हिशेब पुरा झाला की देठाच्या मुळाशी पेशींचा एक पातळ थर सुटा होतो, आणि झाडाच्या बाजूने जखम बुचाने बंद होते. मग वाऱ्याची एक झुळूक पुरते. हा थर सुटावा अशी आज्ञा पोचवण्यात इथिलीन नावाच्या वायूचा हात असतो. ह्या वायूचा शोध कसा लागला तेही ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शहरांत रस्त्यांवर गॅसचे दिवे आले, आणि जेथे नळ गळत तेथली झाडे अवेळी पाने टाकू लागली. १९०१ साली रशियातल्या दिमित्री नेल्युबोव ह्या तरुण संशोधकाने त्या गॅसमधला गुन्हेगार इथिलीन आहे हे दाखवले. १९३४ साली इंग्लंडात रिचर्ड गेन ह्यांनी सिद्ध केले की, पिकणारे सफरचंद हाच वायू स्वतः तयार करते.

भगिनींना हे निराळे सांगावयास नको. आंब्याची अढी आपण गवतात का घालतो? फळाचा वायू फळाभोवती कोंडून राहावा म्हणून. वायूचे नाव आपल्या आज्यांना ठाऊक नव्हते, काम ठाऊक होते. आणि येथेच पान आणि फळ ह्यांची गाठ पडते. क्रॉइटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००७ साली पिकलेल्या सफरचंदात आणि नासपतीत हरितद्रव्याचे तेच रंगहीन अवशेष सापडले, जे गळणाऱ्या पानात सापडतात. २००८ साली त्यांना आढळले की, पिकत चाललेले केळे अतिनील प्रकाशात निळे चमकते, आणि तेही हरितद्रव्याच्या मोडणीमुळे. पान पिकते असे मराठीत आपण म्हणत आलो आहोत. 'पिकले पान' हा शब्द नुसता अलंकार नव्हे, ते शास्त्र आहे. फळ पिकणे आणि पान पिकणे ह्यांत बरेचसे काम एकच आहे. फरक एवढाच की, पानातला माल झाडाकडे परत जातो आणि फळातला माल दुसऱ्याच्या हवाली होतो.

तो दुसरा कोण, हे फळ पाहिले की कळते. सावरीची बोंडे ऐन उन्हाळ्यात फुटतात आणि कापूस बी घेऊन उडतो. महोगनीचे लाकडी फळ देठाकडून पाच फाकांत उकलते आणि पंखवाले बी भिंगरीसारखे फिरत खाली येते. ह्यांचा धनी वारा. झाडावर पाने नसली तर वाऱ्याची वाट मोकळी असते, म्हणून हा उद्योग पानगळीच्या सुमाराचा. देशी बदामाच्या फळाची साल बुचासारखी हलकी असते, ते समुद्रावर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते, आणि गावात त्याची ने-आण वटवाघळे करतात. ऐन-अर्जुनाच्या फळांना पाच पंख असतात, त्यांच्याच भावंडांना, हिरड्या-बेहड्यांना, एकही नाही. बहाव्याची हातभर लांब काळी शेंग तर गेल्या वर्षीच्या फुलाची. यंदाची पाने गळून यंदाचे पिवळे झुंबर फुलते तोवर ती जुनी शेंग झाडावरच असते. एकाच फांदीवर गेले साल आणि चालू साल शेजारी नांदतात.

आणि नवी पालवी कधी येते? पावसाळ्यात येईल असे कोणालाही वाटेल. पण पिंपळ फाल्गुन-चैत्रात, पावसाला अडीच-तीन महिने अवकाश असताना, तांबूस कोवळ्या पानांनी झळकतो. सह्याद्रीत कुसुंबाचे झाड ह्याच दिवसांत असे रक्तवर्णी होते की दुरून ते फुलले आहे असे वाटावे. राणीच्या बागेतली ब्रह्मदेशची उर्वशी आपली कोवळी पाने मरगळलेल्या गुलाबी झालरीसारखी खाली सोडते. हा लाल रंगही बव्हंशी त्याच अँथोसायनिनचा. जाणाऱ्या पानाला जे पांघरूण, तेच येणाऱ्या पानाला. एवढ्या कोरड्या दिवसांत ह्या पालवीला पाणी कोठून येते? जुनी पाने गळल्यामुळे वाफ थांबते, खोल गेलेली मुळे जमिनीतली उरलीसुरली ओल खेचून खोड पुन्हा भरतात, दिवस मोठा होऊ लागतो, आणि डोळे फुटतात. म्हणजे वसंताची सोय शिशिराने केलेली असते. आज आपण वसंतात जमलो आहोत ते ह्या अर्थाने पानगळीच्या कमाईवर.

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे वळतो. कामगार कपातीच्या वाटाघाटींत मालकांच्या बाजूने एक दृष्टांत मी अनेकदा ऐकला आहे. उद्योगाला शिशिर आला की काही पाने गळायचीच, हा निसर्गाचा नियम आहे, असे ते म्हणतात. ऐकायला गोड आहे. पण ज्याने झाड पाहिले आहे त्याने विचारावे की, निसर्गाचा नियम पाळायचा तर तो सबंध पाळणार का? झाड पान टाकते ते त्याच फांदीवर नवे पान यावे म्हणून. पानाकडून परत घेतलेले भांडवल ते त्याच झाडात ठेवते. आणि गळलेले पान झाडाच्याच पायाशी पडते, तेथेच कुजते, त्याच मुळांना मिळते. ह्यातली एक तरी अट किती कारखान्यांनी पाळली?

राणीच्या बागेच्या आसपासच्याच गिरण्यांचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात होते, आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा साच्यावर गेलेच नाहीत. गिरण्या बंद पडत गेल्या. उरली जमीन. १९९१च्या विकास नियमावलीत अशी तरतूद होती की, विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना, म्हणजे मैदानांना आणि बागांना, जावा, एक तृतीयांश सार्वजनिक घरांना, आणि उरलेला मालकाला. २००१ साली नियम बदलला. हिस्सा मोजायचा तो सगळ्या जमिनीचा नव्हे, जिच्यावर बांधकाम नव्हते तेवढ्या मोकळ्या जमिनीचाच, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. ज्या बागा होऊ शकल्या असत्या त्यांतल्या बहुतेक कागदावरच राहिल्या. पान गळले, पण ते झाडाच्या पायाशी पडले नाही. ह्याला पानगळ म्हणू नये. ह्याला बुंध्यापासून तोड म्हणतात.

गिरणीच्या जमिनींचा प्रश्न आजच्या सभेत सुटणारा नाही. परंतु ह्याच दृष्टांताचा एक लहान भाग आपल्या गावात, आपल्या हातात आहे, आणि तो सांगण्यासाठी मी मुख्यतः आलो आहे. गळलेल्या पानाचे आपण काय करतो? आपल्या बहुतेक गावांत ते झाडून ढीग करतात आणि पेटवून देतात. झाडाने जो चुना, जे उरलेले नत्र-स्फुरद मातीला द्यायचे म्हणून खाली सोडले, त्यातले नत्र धुरावाटे उडून जाते आणि राख गटारात वाहून जाते. मग त्याच बागेसाठी पैसे मोजून खताची पोती आणतात. उसाचे पाचट जाळू नये, सरीत आच्छादन करावे, हे आता शेतकऱ्याला पटू लागले आहे. शहाण्या शहरवासीयाला मात्र अंगण आरशासारखे लखलखीत लागते.

आणि धूर कोणाच्या छातीत जातो? अर्धवट ओला पाचोळा धुमसतो तेव्हा त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक काजळी निघते. काडी लावणारा सफाई कामगार त्या ढिगाशेजारी उभा असतो, तोंडाला पदर किंवा रुमाल बांधून. त्याला कोणी विचारीत नाही. जागा स्वच्छ दिसली की काम झाले, ह्या एका मापाने त्याचे काम मोजतात. २०१६च्या घनकचऱ्याच्या नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली, आणि बागेतला कचरा वेगळा ठेवावा असे सांगितले. पण मुकादमाचे माप बदलले नाही तोवर नियम कामगाराच्या डोक्यावर आणि धूर त्याच्या छातीत, अशी वाटणी राहते.

माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली, प्रत्येक सार्वजनिक बागेत आणि शाळेच्या आवारात पाचोळ्याचा एक खड्डा असावा. पाने टाकावी, अधूनमधून पाणी आणि थोडे शेण टाकावे. पानांच्या जातीप्रमाणे काही महिन्यांत किंवा वर्षात खत होते. देशी बदामाच्या जाड पानांना वेळ लागतो, त्यांना धीर धरावा. दुसरी, झाडाच्या आळ्यात पडलेले पान तेथेच राहू द्यावे. रस्ता आणि पायवाट झाडावी, मुळांवरची माती झाडू नये. चैत्रात माती उघडी करणे म्हणजे तहानलेल्याचे पांघरूण ओढणे. असे पान ठेवणाऱ्या कामगाराचे काम अपुरे समजले जाऊ नये, हे नगरपालिकेने लेखी द्यावे. तिसरी, बागेतल्या झाडांना मराठी नावांच्या पाट्या लागाव्या, आणि त्या लावताना माळ्यांना विचारावे. कोणते झाड कोणत्या आठवड्यात पान टाकते आणि कोणत्या आठवड्यात फळ, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. ते ज्ञान त्यांच्याबरोबर निवृत्त होऊ देणे हे गावाचे नुकसान आहे.

ह्या तिन्ही गोष्टींना मोठा निधी लागत नाही. येथे वकील, शिक्षक, व्यापारी, गृहिणी आणि नगरपालिकेचे सभासदही बसले आहेत. येत्या माघात पुन्हा पान पडेल. त्या वेळी कोणी ढिगाला काडी लावताना दिसला तर त्याच्यावर ओरडू नका. तो आपल्या मर्जीने काडी लावीत नाही. त्याला ज्याने सांगितले त्याच्याकडे जा आणि खड्डा कोठे आहे असे विचारा.